पिस्तूल पाहुण्याचं, उंबरा मालकाचा

गेल्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे टेक्सासमधल्या डॅलसला आले होते. पहिल्याच शनिवारी आम्ही देशी दुकानात किराणा आणायला गेलो. दाराला प्लॅस्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण, काचेवर फोन कार्डांच्या जुन्या जाहिराती आणि त्यांच्या शेजारी एक मोठी पांढरी पाटी. तिच्यावर इंचभर उंचीच्या काळ्या अक्षरांत इंग्रजीचा एक लांबलचक परिच्छेद आणि त्याखाली तोच मजकूर स्पॅनिशमध्ये. बाबांची सगळी नोकरी तालुका कोर्टात गेली. कलमाचा आकडा दिसला की त्यांचे पाय थांबतात. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि वळून म्हणाले, "अगं, परवानेवाल्यानं लपवलेलं पिस्तूल घेऊन आत यायचं नाही असं लिहिलंय. म्हणजे ही पाटी नसती तर तो आला असता?"

"हो बाबा. आला असता."

तूरडाळ आणि कढीपत्ता घेताना ते गप्पच होते. रात्री जेवणं झाल्यावर मात्र त्यांनी एकेक प्रश्न काढायला सुरुवात केली, आणि मला कळलं की इतकी वर्षं इथे राहून त्या पाटीचा अर्थ मलाही नीट सांगता येत नाही. मग मी कायदा वाचत गेले. पुढे ३ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका याच विषयावरचा हवाई राज्याचा खटला सुनावणीला घेतला, आणि इकडे मुलं असलेल्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी तेच प्रश्न विचारले. म्हणून हे लिहिते आहे.

आधी शब्द समजून घेऊ

पिस्तूल शर्टाखाली, जाकिटाच्या आत किंवा पर्समध्ये, कुणाला दिसणार नाही असं बाळगून फिरणं म्हणजे 'कन्सील्ड कॅरी'. मी त्याला 'लपवून बाळगणं' म्हणेन. कमरेच्या पट्ट्याला सगळ्यांना दिसेल असं लावून फिरणं म्हणजे 'ओपन कॅरी', उघड बाळगणं. तिसरा शब्द 'ट्रेसपास': मालकाची मनाई असताना त्याच्या जागेत शिरणं, किंवा "निघा" म्हटल्यावरही न निघणं. एवढे तीन शब्द पुरेत.

लपवून बाळगायला बहुतेक राज्यांत एके काळी परवाना लागे, तोही काही ठिकाणी मिळतच नसे. इलिनॉय हे दार उघडणारं शेवटचं राज्य, २०१३ मध्ये. आज चित्र उलटं आहे. व्हरमाँटमध्ये परवान्याची अट कधी नव्हतीच. टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेक लोकांसाठी ती काढून टाकली. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियानाही त्यात आल्यावर अशा विनापरवाना राज्यांची संख्या २९ झाली. निम्म्याहून जास्त देश.

हक्क आहे, पण तो कुणाविरुद्ध?

अमेरिकेच्या घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. तिच्यात शस्त्रं बाळगण्याचा लोकांचा हक्क आहे. तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे आणि स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. २०१० मध्ये तोच नियम राज्यांना लागू झाला. आणि २३ जून २०२२ रोजी ब्रुएन नावाच्या खटल्यात न्यायालय ६ विरुद्ध ३ मतांनी म्हणालं की हा हक्क घराबाहेरही आहे. न्यूयॉर्कचा शंभराहून अधिक वर्षं जुना नियम होता, की परवाना हवा असेल तर तुम्हाला इतरांपेक्षा वेगळी, खास गरज आहे हे दाखवा. तो रद्द झाला.

ब्रुएनने आणखी एक गोष्ट केली, ती लक्षात ठेवायला हवी. यापुढे शस्त्रांवर निर्बंध घालणाऱ्या सरकारने असा निर्बंध या देशाच्या इतिहासात, परंपरेत बसतो हे दाखवलं पाहिजे, असा दंडक तिथे पडला. नुसतं "यामुळे लोक सुरक्षित राहतील" एवढं म्हणून भागत नाही. हा दंडक पुढे फार विचित्र ठिकाणी घेऊन जातो.

आता मुद्दा असा की घटनेतले हक्क सरकारविरुद्ध असतात. भारतात आपल्याला भाषणस्वातंत्र्य आहे, पण कुणी माझ्या दिवाणखान्यात उभं राहून भाषण ठोकू लागलं तर मी त्याला दार दाखवू शकते, आणि त्याला कोर्टात जाऊन कलम १९ सांगता येत नाही. पिस्तुलाचंही तसंच. आपल्या घरात, दुकानात, शेतात पिस्तूल नको असं म्हणायचा मालकाचा अधिकार ब्रुएनने कमी केलेला नाही. हवाईच्या खटल्यातल्या दोन्ही बाजूंना हे मान्य आहे.

बाबांना याचं आश्चर्य वाटणं साहजिक होतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना मिळाला तरच बंदूक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारंही बऱ्याचदा पोलिसांकडे जमा करावी लागतात. आपल्या मनातला गृहीत नियमच 'नाही' असा आहे. त्यामुळे 'आणू नये' असं दारावर लिहावं लागतं, हेच आपल्याला पचत नाही.

चपलांचा नियम

सगळा वाद ज्या एका गोष्टीवर आहे, ती मी बाबांना चपलांवरून समजावली.

मराठी घरात 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लागत नाही. यजमान काही बोलला नाही तरी पाहुणा चपला काढतो. पायाला दुखापत असेल तर तो विचारतो, "घालून आलो तर चालेल का?" म्हणजे मौनाचा अर्थ 'नको', आणि तोंड उघडायची जबाबदारी पाहुण्याची. पुष्कळ अमेरिकन घरांत पाहुणा बूट घालून सरळ आत येतो. ज्याला ते नको असेल त्या यजमानाने सांगायचं. तिथे मौनाचा अर्थ 'चालेल', आणि बोलायची जबाबदारी यजमानाची. दोन्ही घरांत शेवटचा शब्द यजमानाचाच आहे. फरक इतकाच की कुणी काहीच बोललं नाही तर काय समजायचं.

बाबा म्हणाले, "मग एवढ्याशा फरकासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत?"

फरक एवढासा नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीने लिहिलं, 'गच्चीवर मोबाइल टॉवर बसवत आहोत, हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवावे', तर टॉवर बसतो. तेच त्याने 'संमती असल्यास रविवारपर्यंत कळवावे' असं लिहिलं तर टॉवर बसत नाही. सभासद तेच आणि त्यांची मतंही तीच. बहुतेक माणसं काहीच कळवत नाहीत, म्हणून निकाल मौनाच्या अर्थावर ठरतो. दुकानदारांचंही हेच होतं. पाटी लावली तर काही गिऱ्हाइकं तुटतील, आणि 'पिस्तुलांचं स्वागत आहे' असं लिहिलं तर दुसरी तुटतील, म्हणून बहुतेक दुकानदार गप्प राहतात. त्या गप्प दुकानांत पिस्तूल चालतं की नाही, हे कायद्यातल्या एका वाक्याने ठरतं.

टेक्सासमध्ये दुकानदाराने बोलायचं

बहुतेक राज्यांत, टेक्सासमध्येही, मौनाचा अर्थ 'चालेल'. ज्याला नको आहे त्याने सांगायचं. आणि टेक्सासमध्ये कसं सांगायचं हेही कायद्याने अक्षरश: ठरवून दिलं आहे.

परवानाधारकाने लपवलेलं पिस्तूल आणू नये असं वाटत असेल तर दंड संहितेच्या कलम ३०.०६ ची पाटी. मजकूर कायद्यात दिलेला, तोच शब्दश: छापायचा. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही हवेत. अक्षरं किमान एक इंच उंच, पार्श्वभूमीवर उठून दिसणारी, आणि लोकांच्या नजरेला सहज पडेल अशा जागी लावलेली. लोक तिला 'थर्टी ओ सिक्स' म्हणतात. उघड पिस्तुलासाठी वेगळी पाटी, ३०.०७. ती २०१६ पासून आली, कारण त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून टेक्सासमध्ये परवानाधारकांना उघड बाळगायची मुभा मिळाली. परवान्याची अटच गेल्यावर, विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी ३०.०५ ची तिसरी. म्हणून काही दुकानांची अर्धी काच नुसत्या कलमांनी भरलेली दिसते.

बाबांनी इथे वकिलासारखा प्रश्न विचारला. "आणि एखाद्यानं नुसतं पिस्तुलाचं चित्र काढून त्यावर लाल काट मारली तर?" परवानाधारकाला ते चित्र टेक्सासमध्ये बांधील नाही. इलिनॉयमध्ये मात्र अधिकृत पाटीच तशी आहे: चार इंच गुणिले सहा इंच, पांढऱ्यावर काळं पिस्तूल, भोवती लाल वर्तुळ आणि तिरकी रेघ. एका राज्यात जे चित्र म्हणजे कायदा, ते दुसऱ्या राज्यात नुसती शोभा. काही राज्यांत तर कुठल्याच पाटीला स्वत:चं बळ नाही. मालकाने समोरासमोर "निघा" म्हणावं लागतं आणि माणूस निघाला नाही तरच गुन्हा होतो.

शिक्षाही त्याच पायऱ्यांनी चढते. टेक्सासमध्ये पाटी असूनही परवानाधारक पिस्तूल घेऊन आत आला तर २०० डॉलरपर्यंत दंड. त्याला तोंडी सांगितलं आणि तरी तो गेला नाही, तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा. बारच्या दारावर लाल रंगात '५१%' असं दिसतं, ते वेगळं प्रकरण. ज्या जागेचं ५१ टक्के किंवा अधिक उत्पन्न तिथेच बसून पिण्याच्या दारूतून येतं, तिथे पिस्तुलाला कायद्यानेच बंदी आहे. मालकाची इच्छा विचारलीच जात नाही.

मोठ्या कंपन्या या सगळ्यात कशा वागल्या ते पाहण्यासारखं आहे. २०१३ च्या सप्टेंबरात स्टारबक्सचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीर पत्र लिहून गिऱ्हाइकांना पिस्तूल न आणण्याची विनंती केली. बंदी घातली नाही. बंदी घातली तर आमच्या कर्मचाऱ्यांना शस्त्रधारी माणसाला अडवावं लागेल, हे त्यांचं कारण होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, २३ माणसं गेली. महिन्याभराने वॉलमार्टने उघड पिस्तूल आणू नका अशी विनंती केली. लपवून बाळगणाऱ्या परवानाधारकांसाठी मात्र काही बदललं नाही. एवढ्या मोठ्या कंपन्या जिथे 'विनंती'च्या पुढे जात नाहीत, तिथे कोपऱ्यावरचा दुकानदार गप्प बसला तर त्याला दोष कसा द्यायचा?

हवाईने काय उलटवलं

ब्रुएनच्या आधी हवाईत सामान्य माणसाला बाळगायचा परवाना जवळजवळ मिळतच नसे. निकालानंतर द्यावा लागू लागला. मग राज्याने दुसरं दार धरलं. २ जून २०२३ रोजी गव्हर्नर जॉश ग्रीन यांनी सही केलेल्या कायद्याने मौनाचा अर्थ बदलला. दुकान असो, पेट्रोल पंप असो, हॉटेल असो, मालकाने तोंडी, लेखी किंवा पाटी लावून स्पष्ट परवानगी दिली असेल तरच पिस्तूल आत न्यायचं. नाहीतर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा. थोडक्यात, चपलांचा मराठी नियम.

माऊई बेटावरच्या तीन परवानाधारकांनी आणि एका संघटनेने दावा लावला. खटल्याचं नाव वोल्फर्ड विरुद्ध लोपेझ. लोपेझ म्हणजे राज्याच्या महाधिवक्ता. वादींचं म्हणणं मला पटो न पटो, समजतं नक्की. कल्पना करा, एक माणूस कमरेला पिस्तूल लावून घरातून निघाला. वाटेत पेट्रोल भरायचं आहे. पंपाच्या आवारात शिरण्याआधीच परवानगी हवी, आणि परवानगी विचारायला आत शिरलं की गुन्हा घडलाच. म्हणजे घरूनच फोन करायचा. मग कॉफीच्या दुकानाला, मग औषधाच्या, मग न्हाव्याला. समुद्रकिनारे, बागा आणि दारू मिळणारी हॉटेलं याच कायद्याने आधीच वगळलेली. त्यात खाजगी दुकानांची ही भर पडली की रस्त्याच्या कडेने चालत राहण्यापलीकडे त्या परवान्याचा उपयोग राहत नाही, असं ते म्हणतात. पाश्चात्त्य लोककथांतल्या रक्तपिपासू पिशाच्चाला घरमालकाने बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, त्यावरून विरोधकांनी याला 'व्हॅम्पायर रूल' असं नाव दिलं.

हवाईचं उत्तर साधं आहे: आम्ही मालकाचा अधिकार काढून घेतलेला नाही, उलट त्याचं रक्षण केलं. त्याच्या जागेत शस्त्र घेऊन जाणाऱ्याने त्याला विचारावं, यात अवघड काय आहे?

असे उलटे नियम ब्रुएननंतर पाच राज्यांनी केले: हवाई, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि मेरीलँड. पूर्वी ज्यांचा परवान्यावर कडक ताबा होता तीच ही राज्यं. न्यूयॉर्कचा नियम लोकांना खुल्या असलेल्या जागांपुरता तिथल्या अपील न्यायालयाने अडवला, न्यू जर्सीचाही अडला. पण ६ सप्टेंबर २०२४ रोजी पश्चिमेकडच्या राज्यांच्या नवव्या अपील न्यायालयाने हवाईचा नियम ठेवला. गंमत म्हणजे त्याच निकालात कॅलिफोर्नियाचा तसाच नियम अडवला, कारण कॅलिफोर्नियात परवानगी फक्त विशिष्ट पाटी लावूनच देता येत होती. हवाईत मालकाने तोंडी "चालेल" म्हटलं तरी पुरत होतं. अपील न्यायालयांत एकवाक्यता राहिली नाही, तेव्हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे जानेवारी २०२६ मध्ये तोंडी युक्तिवाद झाले.

हरणं आणि १८६५ सालचा एक डाग

आता ब्रुएनच्या इतिहासाच्या दंडकाकडे येऊ, कारण हवाईला हे सिद्ध करायचं होतं की 'आधी मालकाला विचारा' असा नियम या देशात जुना आहे. नवव्या अपील न्यायालयाने दोन जुन्या कायद्यांवर विशेष भर दिला.

पहिला न्यू जर्सीचा, १७७१ चा. दुसऱ्याच्या जमिनीत मालकाच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक घेऊन जाऊ नये, असं तो म्हणतो. पण त्या कायद्याच्या शीर्षकाची सुरुवातच हरणं आणि इतर शिकारीच्या प्राण्यांच्या रक्षणापासून होते. परक्या रानात घुसून चोरटी शिकार करणाऱ्यांना आवरायला तो केला होता. बाजारातल्या दुकानात शिरणाऱ्या माणसाशी त्याचा संबंध किती, यावर बरीच शाई खर्च झाली आहे.

दुसरा लुइझियानाचा, १८६५ चा. इथे मी वाचता वाचता थांबले. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, गुलामगिरी गेलेली. दक्षिणेकडच्या राज्यांनी मुक्त झालेल्या काळ्या माणसांना पुन्हा जखडण्यासाठी जे कायदे केले त्यांना 'ब्लॅक कोड्स' म्हणतात. त्या कायद्यांच्या जुडग्यात हाही होता: कुणाच्याही आवारात किंवा मळ्यावर मालकाच्या संमतीशिवाय शस्त्र बाळगू नये. शब्दांत कुठेही रंगाचा उल्लेख नाही. पण मळे गोऱ्यांचे होते आणि त्या मळ्यांवर राबणारी, तिथेच खोपटात राहणारी माणसं काळी होती. मालक संमती देणार नव्हता. रात्री दारावर येणाऱ्या टोळक्यांपासून कुटुंब वाचवायला ज्याला बंदूक सर्वांत जास्त हवी होती, त्याच्याच हातातून ती या वाक्याने काढून घेतली.

हवाईला तो कायदा आधार म्हणून हवा होता. वादी म्हणतात, असा डाग परंपरेत कसा धरता येईल? याबाबतीत मी वादींच्या बाजूची आहे, आणि हे मी पिस्तूल न आवडणारी बाई म्हणून सांगते. दुकानात माझ्या मुलीशेजारी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाखाली काय आहे, ही काळजी मला रोज असते. हवाईचा नियम माझ्या स्वभावाला जवळचा आहे. पण माझी भीती कितीही खरी असली तरी तिला ब्लॅक कोडचा टेकू मला नको. खरं तर दोष दंडकाचाच वाटतो. आजचा कायदा योग्य की अयोग्य हे ठरवायला अडीचशे वर्षांपूर्वीच्या हरणांपाशी आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या मळ्यांपाशी जावं लागतं, तेव्हा आजच्या माणसाच्या जिवाचा विचार कुठल्या रकान्यात करायचा?

"पाटी बघून खुनी थांबतो का?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासमधल्या किलीन गावात एका माणसाने लुबीज नावाच्या उपाहारगृहाच्या काचेतून गाडी आत घातली आणि २३ जणांना मारलं. तिथे सुझाना हप नावाची तरुणी आईवडिलांबरोबर जेवत होती. तिचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा ते लपवून आत नेणं बेकायदा होतं. तिचे आईवडील दोघेही गेले. ती पुढे टेक्सासच्या विधिमंडळावर निवडून आली. लपवून बाळगायला परवानगी देणारा कायदा टेक्सासमध्ये १९९५ साली झाला, त्यामागे तिने दिलेल्या साक्षींचं मोठं बळ होतं. त्या दु:खापुढे कुणी वाद घालू नये.

पाटी खुन्याला थांबवत नाही, हे खरं आहे. ती दुसऱ्याच गोष्टींसाठी असते. पार्किंगवरून जुंपलेलं भांडण, स्वच्छतागृहात हुकाला लटकवून विसरलेलं पिस्तूल, पर्समध्ये हात घालणारं लहान मूल. अशा वेळी पिस्तूल मुळात आत नसणं कामाचं असतं. आणि मालकाला त्या पाटीमुळे बोलायला आधार मिळतो. पाटी नसेल तर त्याचं "नको" हे त्याचं वैयक्तिक मत ठरतं, आणि ते त्याला शस्त्रधारी माणसाच्या तोंडावर म्हणावं लागतं.

"दुकान सगळ्यांना खुलं, मग मालक कसा अडवणार?"

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, उपाहारगृहं अशा जागांना वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यांवरून गिऱ्हाईक नाकारायला बंदी केली. पिस्तूल बाळगणं त्या यादीत नाही. शर्ट न घातलेल्याला जसं बाहेर ठेवता येतं, तसंच पिस्तूलवाल्यालाही. उलट बाजूने, विस्कॉन्सिनसारख्या राज्याने २०११ मध्ये असंही ठरवलं की जो मालक पिस्तुलांना मनाई करत नाही, त्याच्यावर त्या निर्णयापोटी भरपाईचा दावा लावता येणार नाही. यावर मला विशेष बोलायचं नाही. पण गप्प राहायला कायदा स्वत:च बक्षीस देतो, एवढं ध्यानात असू द्यावं.

मालकाचा शब्द जिथे संपतो

उंबरा मालकाचा, पण त्यालाही कुंपण आहे. टेक्सासमधला नोकरी देणारा मालक इमारतीत पिस्तूल आणू नका म्हणू शकतो. पण २०११ पासून, कर्मचाऱ्याने कंपनीच्या पार्किंगमध्ये स्वत:च्या कुलूपबंद गाडीत ते ठेवलं तर बहुतेक ठिकाणी मनाई करता येत नाही. फ्लोरिडाचा असा कायदा २००८ चा आहे. म्हणजे ऑफिसच्या दाराशी पाटी असली तरी शंभर पावलांवर पार्किंगमध्ये किती पिस्तुलं आहेत याचा हिशेब कुणाकडे नसतो.

भाड्याच्या घराचंही तसंच. नवीन आलेली मुलं अपार्टमेंट घेताना करारात शोधतात, की शेजाऱ्याला बंदुकीची मनाई आहे ना? २०१९ पासून टेक्सासमध्ये घरमालकाला भाडेकरूला कायदेशीर बंदूक घरात ठेवायला मनाई करता येत नाही. भाड्याचं असलं तरी ते त्या भाडेकरूचं घर आहे. माझ्या स्वत:च्या घरी मुलांच्या वाढदिवसाला मित्रांचे आईबाप येतात, तेव्हा मी बोलावणं करतानाच सांगते: "आमच्याकडे पिस्तूल आणू नका." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली होती. समोरची बाई शांतपणे म्हणाली, "विचारलंत ते बरं झालं, मी गाडीतच ठेवते."

देऊळ, मंडळ आणि पासाची मागची बाजू

प्रार्थनास्थळांचा नियमही टेक्सासने २०१९ मध्ये स्पष्ट केला. चर्च असो की देऊळ, इतर खाजगी जागांसारखंच, पाटी लावली तर मनाई, नाहीतर चालेल. त्यामागे ५ नोव्हेंबर २०१७ ची सदरलँड स्प्रिंग्जची जखम होती. रविवारच्या प्रार्थनेत २६ माणसं गेली. नवा कायदा लागू होऊन चार महिने होत नाहीत तोच व्हाइट सेटलमेंट गावातल्या चर्चमध्ये एकाने गोळीबार केला. दोन भाविक गेले. तिथल्याच एका सशस्त्र स्वयंसेवकाने काही सेकंदांत हल्लेखोराला पाडलं. म्हणून देवळाच्या विश्वस्तांपुढे हा प्रश्न सोपा नाही, आणि ज्यांनी पाटी लावली नाही त्यांना मी बेफिकीर म्हणणार नाही.

आमच्या मंडळाचा गणेशोत्सव बरीच वर्षं शाळेच्या सभागृहात होत असे. शाळेच्या इमारतीत पिस्तुलाला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे हा विषय कधी निघालाच नव्हता. गेल्या वर्षी सभागृह मिळालं नाही आणि आम्ही एक खाजगी हॉल घेतला. समितीच्या बैठकीला बाबाही आले होते. ढोल कुठे ठेवायचे आणि मोदक किती, यावर तासभर गेला. मग मी विचारलं, "हॉलच्या दारावर थर्टी ओ सिक्स आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणालं, आपल्यातलं कोण पिस्तूल आणणार? त्यावर आमच्यातलेच दोघे काही न बोलता खाली बघत राहिले.

हॉलच्या मालकाशी बोललो. त्याची पाटी नव्हती, पण आम्हाला हवं असेल तर त्याची हरकत नव्हती. परवानाधारकाला लेखी सूचना देण्याचा आणखी एक मार्ग त्याच कलमात आहे: कायद्यातला मजकूर शब्दश: छापलेला कागद त्याच्या हातात देणं. तसं आम्ही केलं. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांच्यासाठी दारावर ३०.०५ ची पाटी लावली. पासाच्या पुढच्या बाजूला सिद्धिविनायकाचं चित्र, आरतीची वेळ, 'पार्किंग मागच्या बाजूला'. मागच्या बाजूला कलम ३०.०६ आणि ३०.०७ चे दोन इंग्रजी परिच्छेद. छापायला देण्याआधी बाबांनी ते दोन्ही परिच्छेद कायद्याच्या प्रतीशी शब्द न् शब्द ताडून पाहिले आणि दुसऱ्या ओळीत राहून गेलेला एक स्वल्पविराम पेन्सिलीने घातला.